न पडणाऱ्या यंत्राचा राखणदार

मुकुंदराव मुदखेडकरांच्या जानव्याला एक किल्ली बांधलेली असे. घराची नव्हे, कपाटाची नव्हे. ती आमच्या ऑफिसातल्या काचेच्या केबिनची होती. केबिनमध्ये टेबलावर सर्व्हर नावाचं एक करडं खोकं होतं. ते खोकं दिवसातून तीन-चारदा पडायचं, आणि ते पडलं की मुकुंदराव उभे राहायचे. माणसाच्या उभं राहण्याला यापेक्षा हलकं कारण मी पाहिलेलं नाही.

'पडणं' हा आमच्या ऑफिसचा शब्द. खोकं जागचं हलत नसे, नुसतं गोठायचं, आणि त्याच्याबरोबर सगळ्यांच्या टेबलांवरचे पडदे गोठायचे.

आमची कंपनी औषधांना लागणारी भुकटी बनवते. कारखाना पाटणचेरूला, ऑफिस हैदराबादच्या कोठी भागात, एका जुनाट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्यांची दुकानं, मध्ये दातांचे दवाखाने, वर आम्ही. शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारती उगवायला लागल्या, शेजारपाजारची पोरं अमेरिकेला जायला लागली, तेव्हा आमच्या एम.डीं.नासुद्धा झटका आला. त्यांनी इंट्रानेट करवून घेतलं. इंट्रानेट म्हणजे कंपनीच्या आतल्या आत चालणारी वेबसाइट. बाहेरच्या जगाला ती दिसत नसे, आणि दिसली असती तरी जगानं मान वळवली नसती. पहिल्या पानावर एम.डीं.चा हसरा फोटो. त्याच्याखाली परिपत्रकं, रजेचे अर्ज, बिलांची मंजुरी, ट्रकांचे गेटपास. कागदावर काहीही करायचं नाही, असा हुकूम निघाला. त्यामुळे खोकं पडलं की कंपनी पडायची, आणि ती पडलेली कुणाला बोचत नसे.

पहिली हाक अकाउंट्समधून रेणुकाची. रेणुका नांदेडची, जिभेला धार, कामाला नाही.

"मुकुंदराव, गेलं हो!"

मुकुंदराव लगेच उठत नसत. पेपरची घडी घालत. चष्मा पुसत. केबिनच्या दाराशी जाऊन बूट काढत. "धूळ जाते आत," असं ते सांगत, आणि धुळीचं खरंही होतं. पण त्या वेळी ते खांदे आवळून घेत, त्याचा धुळीशी काही संबंध नव्हता. मग शर्टाचं वरचं बटण सोडून जानवं बाहेर ओढत, मान वाकवत आणि किल्ली कुलपात घालत. क्षणभर माणूस आणि दार एकाच दोऱ्याला बांधल्यासारखे दिसत. आत जाऊन ते एक बटण दाबत, खोकं पुन्हा जागं होण्याची वाट पाहत आणि पासवर्ड टाकत. झालं. याच्यापलीकडे त्यांना त्या खोक्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

आधी ते टेलेक्सवर होते. टेलेक्स गेला, फॅक्स आला, ते फॅक्सशेजारी बसले. पुढे सर्व्हर आला. यंत्रं बदलत गेली आणि मुकुंदराव नव्या यंत्राच्या उशाशी जाऊन बसत गेले, आजाऱ्याजवळ बसतो तसे.

खोकं पाचेक मिनिटांत जागं व्हायचं. पण मुकुंदराव हात वर करून सांगत, "जरा गार होऊ द्या." तोवर सगळं ऑफिस जिना उतरून कोपऱ्यावरच्या इराण्याकडे पोचलेलं असे. चहा, उस्मानिया बिस्किटं, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचा अमेरिकेतला जावई. अर्ध्या तासानं मंडळी वर येत. मुकुंदराव दारात उभे राहून, शस्त्रक्रिया करून बाहेर आलेल्या सर्जनसारखे म्हणत, "आलं." आणि लोक खरोखरच त्यांचे आभार मानत.

आभार मानत नसे तो एक दौलत सोनकांबळे. दौलत डिस्पॅचला होता. खोकं पडलं की गेटपास निघत नसत, ट्रक उभे राहत आणि ड्रायव्हर फोनवरून दौलतच्या आईबहिणीचा उद्धार करत. एकदा तो बूट काढून मुकुंदरावांच्या मागोमाग केबिनमध्ये पाऊल टाकायला गेला. मुकुंदराव म्हणाले, "तुम्ही नको. तुम्ही बाहेरूनच सांगा." रेणुका मोज्यांवर आत उभी होती. तिला कुणी काही म्हणालं नव्हतं. दौलतनं बूट पुन्हा घातले. लेस बांधायला त्यानं बराच वेळ घेतला.

मुकुंदराव राहायला अंबरपेठेत, माझ्याच गल्लीत. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते, त्याचा अभिमान अजून घरात टांगलेला होता, फोटोला हार घालून. बायको शोभावहिनी. मुलगी मृण्मयी इंजिनियरिंगला. ती बापाशी मराठीत, मैत्रिणींशी दखनीत आणि स्वतःशी इंग्रजीत बोलायची. घरात मुकुंदरावांना फारशी कुणी हाक मारत नसे. भाजी संपली की शोभावहिनी स्वतः आणत. फ्यूज गेला तर मृण्मयी बसवी. त्यांच्या नावानं दिवसातून तीन-चारदा कुणी ओरडावं, असं ठिकाण साऱ्या हैदराबादेत एकच होतं.

हे असंच चाललं असतं. पण सॉफ्टवेअरच्या परवान्यांची तपासणी होणार, अशी बातमी फिरली. आमचं विंडोज बिनपरवान्याचं होतं, जसं तेव्हा अर्ध्या शहराचं होतं. जनरल मॅनेजर अप्पाराव हे राजमहेंद्रीचे, पण आयुष्य इथेच गेल्यानं जीभ पक्की हैदराबादी. त्यांनी कुठूनतरी ऐकलं की लिनक्स नावाचा प्रकार फुकट मिळतो.

"फुकट का माल है जी," ते हॉलमध्ये उभे राहून म्हणाले. "परवाना नक्को, परेशानी नक्को."

वेबसाइट विंडोजवरून लिनक्सवर न्यायला त्यांनी कौस्तुभ नावाचा पुण्याचा पोरगेला इंजिनियर आणला. तो माधापूरला फ्लॅट घेऊन राहायचा. आपण सोडून बाकीचं जग हळू चालतंय, असं त्याच्या चेहऱ्यावर कायम असायचं, आणि त्याबद्दल तो जगावर रागावतही नसे. ते मला जास्त असह्य वाटे.

पहिल्या दिवशी तो सँडल घालूनच केबिनमध्ये शिरला.

"चपला," मुकुंदराव म्हणाले.

"काय झालं चपलांना?"

"बाहेर काढायच्या."

"काका, त्याला काही वाटत नाही हो," कौस्तुभ खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

त्यानं अडगळीतला एक टाकून दिलेला कॉम्प्युटर मागून घेतला. झाकण नसलेला, पोटातल्या तारा दिसणारा. त्याच्यावर लिनक्स चढवलं. जुनी पानं विंडोजखेरीज कुठे चालत नव्हती, ती त्यानं एकेक करून नव्यानं लिहिली. जुन्या माणसांनी जिथेतिथे जुन्या खोक्यातल्या जागांचे पत्ते खिळ्यासारखे ठोकून ठेवले होते, ते उपटले. रजा, बिलं, गेटपास, सगळं उचलून इकडे आणलं. एम.डीं.चा फोटो तेवढा होता तसाच आला. त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. मुकुंदराव पाठीमागे हात बांधून हे सगळं पाहत उभे असत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकत. त्यांनी महिनाभरात एकच प्रश्न विचारला.

"हे कितीदा चालू करावं लागतं?"

"एकदा."

"रोज एकदा?"

"नाही काका. एकदा."

मुकुंदराव हसले. पुण्याच्या पोराचं कसं जिरतं ते आता पाहू, असं ते हसू होतं. अप्पारावांनी नवीन खोकं महिनाभर चालवून बघायचं ठरवलं. महिनाअखेर एम.डी. स्वतः येऊन पाहतील आणि मग पक्कं होईल. जाता जाता अप्पाराव मुकुंदरावांना म्हणाले, "ये अपने आप चला तो यहाँ आदमी का क्या काम जी? तुमको पाटणचेरू भेजता मैं. गोडाऊन में आदमी कम है."

पाटणचेरूच्या गोडाऊनमध्ये पिंपं मोजायची होती. दोन बस बदलून जायचं, नाकात रसायन आणि भोवती तोंडाला फडकी बांधलेले हमाल. तिथं "मुकुंदराव, गेलं हो!" असं कुणी ओरडणार नव्हतं. पिंपं पडली तरी ती उचलायला दुसरी माणसं होती. मुकुंदरावांचा चेहरा उतरला, पण हसू तसंच होतं. पडेल, ते म्हणाले. पडत नाही असं काही असतं का?

ते पडलं नाही.

पहिल्या आठवड्यात आपल्याला काय झालंय तेच ऑफिसला कळेना. माणसं सकाळी खुर्चीवर बसत आणि दुपारी जेवायलाच उठत. पाठी धरल्या. चिडचिड वाढली. दुसऱ्या आठवड्यात रेणुका मुकुंदरावांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"अहो, तुमच्या नव्या देवाला झोपबिप नाही का?"

"नाही पडत. मी काय करू?"

"मग चहा कधी प्यायचा माणसानं?"

"प्या ना. कोण नको म्हणतंय?"

"वा! मी अशीच उठले तर अप्पाराव विचारतात, कुठं चाललात बाई? ते पडल्यावर उठले तर कुणी विचारत नाही. हौ की नाही? आणि तुम्ही नुसते बसून राहता. पगार कशाचा घेता मग?"

हॉलमध्ये हशा झाला. मुकुंदरावांनी पेपर उघडला. तो त्यांनी सकाळीच वाचून संपवला होता.

दुखणं नुसतं चहाचं नव्हतं. कुणाची रजा अडकली, कुणाचं पत्र राहिलं, कुणाची चूक झाली, सगळ्याला आजवर एकच उत्तर होतं. आता प्रत्येकाचा आळस त्याच्या नावानिशी पडद्यावर दिसू लागला. सगळ्यांत जास्त अप्पारावांचा. ठेकेदारांची बिलं ते महिनोन् महिने दाबून ठेवत आणि विचारलं की सांगत, "सिस्टम नहीं है." आता सिस्टम होती. बिल कुणापाशी अडलंय, हे उघडं पडत होतं, आणि ते बहुतेक एकाच माणसापाशी अडलेलं असे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मुकुंदरावांना बोलावलं. माझं टेबल त्यांच्या प्लायवूडच्या भिंतीला लागून. सगळं ऐकू यायचं.

"मुकुंदराव, एक बात बोलूं? बुरा नक्को मानो."

"बोलिए साब."

"ये मशीन थोडा भी नहीं गिरता?"

"नहीं साब."

"एकदम नहीं?"

मुकुंदराव नुसते खाकरले.

"पुराना अच्छा था जी. गिरता था, उठता था. अपने जैसा था." अप्पारावांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "थोडा गिराव ना इसको. कभी कभी. वो पाटणचेरू का मैं देख लेता."

मुकुंदराव बाहेर आले तेव्हा त्यांचे खांदे पूर्वीसारखे आवळलेले होते. महिनाभरात पहिल्यांदाच. ज्याच्या हातात त्यांची खुर्ची होती, तोच आता त्यांच्याकडे मागायला आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बूट काढले, जानवं ओढलं, केबिन उघडली आणि बटण दाबलं. मग दारात येऊन हॉलकडे नुसतं पाहिलं. खुर्च्या सरकल्या. चपलांचा आवाज जिन्यात गेला. पण मंडळी पहिल्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच खोकं आपोआप उठलं. पासवर्ड नाही, काही नाही. वरून शिपायानं ओरडून सांगितलं आणि सगळे तसेच माघारी फिरले. एका रांगेत, धापा टाकत.

"हे काय मुकुंदराव," रेणुका म्हणाली, "याला पडणं म्हणतात होय? नुसती ठेच लागली त्याला!"

त्यांना उठवता येत होतं, पण पाडता येत नव्हतं. आजवर ते काम यंत्रच करत आलं होतं.

मग त्यांनी कौस्तुभला रविवारी जेवायला बोलावलं. मलाही. मी का, ते कळलं नाही. कदाचित एकट्यानं विचारायची लाज वाटत असावी. शोभावहिनींनी वरणफळं केली होती, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी आणि शिरा. कौस्तुभ तोंडभरून स्तुती करत जेवला. मृण्मयीनं त्याला अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल विचारलं आणि त्याच्या उत्तरांनी ती आमच्यापासून आणखी थोडी लांब गेली. मुकुंदराव वाढायला सांगत होते आणि घाम पुसत होते. शेवटी म्हणाले,

"कौस्तुभ, हे तुझं… हे पडतं कसं?"

"पडत नाही काका."

"समजा."

"समजा म्हणजे? तुम्हाला भीती वाटते का? अजिबात काळजी करू नका. एखादा भाग अडकला तर तो स्वतःच झटकून पुन्हा सुरू होतो. तुम्ही बटण दाबलंत तरी बाकी सगळं त्याचं तो उठवतो. लाइट गेली तर यूपीएस आहे. मी सगळं बघूनच केलंय."

"पण मग मी काय करायचं?"

हे ते जरा मोठ्यानं बोलले असावेत. शोभावहिनींचा हात वाढता वाढता थांबला. मृण्मयीनं ताटाकडे पाहिलं. त्या घरात तो प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल, पण ऐकणाऱ्यांना तो नवा नव्हता.

कौस्तुभ मोकळेपणानं हसला. "तुम्ही काहीच करायचं नाही, काका! तीच तर गंमत आहे."

काहीतरी भेट द्यावी तसं तो ते बोलला. मुकुंदरावांनी त्याच्या पानात आणखी शिरा वाढायला सांगितला.

महिनाअखेरीला एम.डी. आले. सफारीतले, घाईतले, त्यांना संध्याकाळचं विमान होतं. त्यांनी रेणुकाच्या टेबलावर वाकून फोटो पाहिला, समाधान पावले, आणि म्हणाले, "अब बिल्स दिखाव." अप्पारावांच्या मानेवरून घाम कॉलरीत उतरला. त्यांनी हॉलच्या पलीकडे मुकुंदरावांकडे पाहिलं. तसं पाहणं मी कसायाच्या दुकानापुढच्या बकऱ्यात पाहिलं आहे. फक्त इथं बकरा साहेब होता.

मुकुंदराव उठले. पेपरची घडी नाही, चष्मा पुसणं नाही. बूट काढले, जानवं ओढलं, आत गेले आणि सरळ टेबलाखाली शिरले. काचेतून त्यांचे दोन तळवे तेवढे दिसत होते. डाव्या मोज्याच्या टाचेला भोक होतं. सारं ऑफिस त्या भोकाकडे पाहत होतं. रेणुकाच्या पडद्यावर बिलांऐवजी कोरं पान आलं.

"अरे! गेलं हो!" ती ओरडली. त्या ओरडण्यात इतका आनंद होता की एम.डीं.नी दचकून तिच्याकडे पाहिलं.

कौस्तुभ सँडल फटफटवत केबिनमध्ये धावला. मुकुंदराव तोवर बाहेर येऊन भिंतीला टेकले होते. कौस्तुभ वाकला आणि उठला.

"यूपीएसमधूनच प्लग निघालाय."

"कैसे निकला?" एम.डी.

सगळ्यांनी पाहिलं होतं, मी पाहिलं होतं. मुकुंदरावांच्या पँटच्या गुडघ्यांना टेबलाखालची धूळ लागली होती, आणि ती झटकायची त्यांची छाती होत नव्हती.

"चूहे हैं साब," अप्पाराव म्हणाले. "पुरानी बिल्डिंग है. बहुत चूहे."

"उंदीर प्लग ओढत नाही, सर," कौस्तुभ म्हणाला. "फार तर वायर कुरतडतो."

"तुमको नहीं मालूम जी. तुम पूना के. ये कोठी के चूहे हैं."

एम.डीं.नी घड्याळ पाहिलं. उंदरांवर त्यांचा विश्वास बसला, कारण न बसवायला वेळ लागला असता. "तो आदमी बिठाव वहाँ," ते म्हणाले. "परमनंट." आणि बिलं न पाहता विमानाला गेले.

अशा रीतीनं नवीन खोकं राहिलं आणि मुकुंदरावही राहिले. परिपत्रक निघालं. ते त्याच इंट्रानेटवर चढलं, एम.डीं.च्या फोटोखाली. सर्व्हरचं उंदरांपासून रक्षण करण्याची जबाबदारी श्री. मुदखेडकर यांच्याकडे. मुकुंदरावांनी ते छापून घेतलं, घरी नेलं आणि आजोबांच्या फोटोमागे खोचलं.

कौस्तुभ निघताना त्यांना भेटायला आला. तेवढा माणुसकीचा होता तो.

"काका, मला सांगायचं ना. मी तुम्हाला एक छोटा प्रोग्राम लिहून दिला असता. रोज सकाळी एकदा, दुपारी एकदा, आपोआप पडलं असतं."

मुकुंदराव खरोखर घाबरले. "आपोआप? मग मी कशाला?"

कौस्तुभच्या चेहऱ्यावरचा तो जग हळू चालत असल्याचा भाव प्रथमच गेला. त्यानं पाय मागे घेतला, आणि का कोण जाणे, केबिनच्या उंबऱ्यावर सँडल काढून, आत जाऊन खोक्यावर एकदा हात ठेवून आला. तो पुन्हा कोठीत दिसला नाही.

पुढचे दिवस पूर्वीपेक्षा सुखाचे गेले. पूर्वी यंत्राच्या लहरीवर चहा अवलंबून होता. आता तो माणसाच्या हातात होता. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मुकुंदराव टेबलाखाली जात. "उंदीर आला," असं कुणीतरी म्हणे आणि खुर्च्या सरकत. इराण्याकडे पोरं विचारायला लागली, आज उंदीर उशिरा आला का. बाहेरगावहून बदलून आलेल्या एका मॅनेजरनं ऑफिसात मांजर पाळायचं सुचवलं, तेव्हा अप्पारावांनी त्याला झापलं.

कंपनीनं देखाव्यासाठी लाकडी पिंजरा घेतला. मुकुंदरावांनी तो केबिनच्या कोपऱ्यात ठेवला. रोज त्यात गुळाचा खडा ठेवायचे, आणि पिंजऱ्याचं दार बंद करायचे.

दौलतचे ट्रक पुन्हा उभे राहू लागले. नवं खोकं चाललं त्या महिन्यात तो रोज वेळेवर घरी गेला होता. त्याची सखू नावाची पोर त्याला अंधार पडायच्या आत पाहायची, असं तो एकदा मला म्हणाला होता. आता पुन्हा ड्रायव्हरांच्या शिव्या. तो तक्रार करायला कुणाकडे गेला नाही. कुणाकडे जाणार?

एका संध्याकाळी मुकुंदराव केबिन उघडी टाकून अप्पारावांकडे गेले होते. दौलत डिस्पॅचमधून आला. केबिनच्या दाराशी थांबला. खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि बूट घालूनच आत गेला. पिंजऱ्याचं दार उघडून त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. बेगम बाजारातली सुकी कोळंबी. तिचा वास माझ्या टेबलापर्यंत आला. त्यानं ती गुळाच्या जागी आकड्याला नीट अडकवली, सापळा ताणला आणि बाहेर आला.

"काय दौलत?" मी म्हणालो.

"काही नाही," तो म्हणाला. "गूळ खात नाही तो."

सकाळी केबिनसमोर सगळं ऑफिस जमलं होतं. पिंजऱ्यात उंदीर होता. मोठा, तपकिरी, म्हाताऱ्या कारकुनासारखा पाठीला पोक आलेला. कोळंबी त्यानं खाऊन टाकली होती. मुकुंदराव नाकाला रुमाल लावून उभे होते. रुमाल वासासाठी होता की कशासाठी, ते सांगता येणार नाही.

"पकडा गया बोले?" अप्पाराव मागून आले.

उंदीर सापडला म्हणजे काय, हे सगळ्यांना एकदमच कळलं होतं. सापडलेल्या उंदरापासून कशाचं रक्षण करायचं? दौलत डिस्पॅचच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब चुकता झाल्याचा आनंदही नव्हता. तो फक्त वाट पाहत होता.

"मी सोडून येतो," मुकुंदराव म्हणाले. "लांब. मुसी नदीच्या पलीकडे."

"हौ. दूर छोडो," अप्पाराव म्हणाले. "बहुत दूर."

मुकुंदरावांनी पिंजरा दोन्ही हातांनी उचलला. बूट घालायचे राहिले. मोज्यांवरच मागच्या जिन्यानं उतरले. मी खिडकीशी गेलो. माझ्या शेजारी दौलत येऊन उभा राहिला.

ते मुसीकडे गेले नाहीत. सुलतान बाजाराकडेसुद्धा वळले नाहीत. इमारतीच्या मागच्या बोळात, आमच्याच खिडकीखाली, सांडपाण्याच्या नळापाशी त्यांनी पिंजरा टेकला. इकडेतिकडे पाहिलं. वर पाहायचं त्यांना सुचलं नाही. पिंजऱ्याचं दार त्यांनी इमारतीच्या बाजूला वळवलं आणि उघडलं.

उंदीर बाहेर येईना. मुकुंदराव उकिडवे बसले. त्यांचं जानवं शर्टाबाहेर लोंबत होतं आणि किल्ली पिंजऱ्याच्या लाकडावर टकटक करत होती.

"जा बाबा," ते म्हणाले. बोळ अरुंद, आवाज वर येत होता. "जा ना. काय करणार तिथं बसून? जा वर."

उंदीर बाहेर आला. थोडा वेळ त्यांच्या मोज्यांजवळ थांबला. मग भिंतीला लागून नळाकडे गेला आणि नळावरून वर चढू लागला. पहिला मजला, दातांचा दवाखाना, मग आमचा. मुकुंदराव मान वर करून पाहत होते. परीक्षेला निघालेल्या पोराकडे बाप पाहतो तसे. उंदीर आमच्या मोरीच्या भोकात शिरला तेव्हा ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

वर येऊन त्यांनी पिंजरा जागेवर ठेवला. "लांब सोडला," ते सगळ्यांना म्हणाले. "पण त्यांचं काही सांगता येत नाही. पुन्हा येतात."

"आते जी, आते," अप्पाराव म्हणाले. "जरूर आते."

दौलत आपल्या टेबलाशी गेला आणि ट्रकचा गेटपास भरायला बसला. नाव, नंबर, माल. शेवटची ओळ भरायच्या आत त्याचा पडदा कोरा झाला. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. काचेपलीकडे टेबलाखालून दोन तळवे दिसत होते. मोज्यांना बोळातला चिखल लागला होता.